मराठवाड्यातली कारागृहं, कच्चे कैदी आणि जामीनदार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विधी स्वयंसेवक आहे. वकील नाही. आठवड्यातला एक दिवस कारागृहाच्या फाटकावर आणि आत जातो, बाकीचे दिवस कोर्टाच्या आवारात, झेरॉक्सच्या दुकानापासून तहसीलच्या खिडकीपर्यंत. या फेऱ्यांत लोक जे विचारतात ते खाली लिहिलंय. विचारणाऱ्यांत बहुतेक आया, बायका आणि भाऊ असतात. कधी कॉलेजची मुलं असतात, तर कधी "त्यांना आत टाकून विसरून जावं" म्हणणारे शेजारीही.

कच्चा कैदी आणि पक्का कैदी यात फरक काय?

खटला अजून चालू आहे किंवा सुरूही झालेला नाही, तो कच्चा. कागदावर त्याला न्यायाधीन बंदी म्हणतात. शिक्षा झाली की तो पक्का, म्हणजे सिद्धदोष बंदी. लोकांच्या तोंडी दोघेही "जेलात गेलेले" असतात आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाचे २०२२ च्या अखेरचे आकडे बघा. देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० माणसं होती, जागा होती ४,३६,२६६ जणांची. आत असलेल्यांपैकी कच्चे कैदी ४,३४,३०२, म्हणजे शेकडा ७५ हून जास्त. मधले दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. सगळ्या देशाच्या कारागृहांत जेवढी जागा आहे, जवळजवळ तेवढे तर नुसते कच्चे कैदीच आहेत.

मराठवाड्यात कारागृहं कुठे कुठे आहेत?

राज्यात नऊ मध्यवर्ती कारागृहं आहेत. त्यांतलं मराठवाड्याच्या वाट्याचं एक, छत्रपती संभाजीनगरजवळचं हर्सूल. नांदेड, परभणी, बीड, लातूर, धाराशिव अशा ठिकाणी जिल्हा कारागृहं आहेत, काही तालुक्यांत दुय्यम कारागृहं, आणि पैठणला खुलं कारागृह. खुल्या कारागृहाबद्दल पुढे लिहिलंय.

नकाशावर हे ठीक दिसतं. पण जिल्हा कारागृहात जागा उरली नाही की, किंवा मोठी शिक्षा लागली की, माणूस हर्सूलला जातो. किनवटच्या डोंगरातल्या बाईला हर्सूलची मुलाकात म्हणजे एक रात्र एसटीत, दिवसभर फाटकाबाहेर आणि पुन्हा एक रात्र एसटीत. मुलाकातीची काही मिनिटं, रोजगाराचे दोन दिवस.

आमच्या लेकराला पोलिसांनी उचललंय. पहिल्या दिवशी काय करावं?

आधी कोणत्या ठाण्यात आहे ते नक्की करा आणि वेळ लिहून ठेवा. अटकेपासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला न्यायाधीशासमोर उभं करावंच लागतं. हे संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदात आहे. अटक का केली हे त्याला सांगावं लागतं आणि घरच्यांना कळवावं लागतं. वैद्यकीय तपासणी होते. त्या वेळी अंगावर मार असेल तर डॉक्टरला दाखवायला सांगा, आणि न्यायाधीशांनी "काही तक्रार आहे का" विचारलं की बोलायला सांगा. आमची पोरं तिथे मान खाली घालून उभी राहतात आणि "तक्रार नाही" असं लिहिलं जातं.

वकील नसेल तर कोर्टातच सांगायचं, "मला सरकारी खर्चाने वकील पाहिजे." अटकेत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळताना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, तिथेच लोक अभिरक्षक कार्यालयाची, म्हणजे आरोपींना मोफत वकील देणाऱ्या कार्यालयाची, चौकशी करा. फोन लावायचा तर १५१००.

पीसीआर संपून एमसीआर झाला. म्हणजे आता सुटेल ना?

नाही. पीसीआर म्हणजे पोलिसांच्या ताब्यात, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडीत, कारागृहात. जामीन अर्जाला मात्र आता खरी सुरुवात होते.

जामीन मंजूर होऊन तीन महिने झाले, तरी माणूस आतच आहे. असं कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो.

जामिनाचा हुकूम साधारण असा असतो : इतक्या हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक किंवा दोन सक्षम जामीनदार. जातमुचलका म्हणजे आरोपीची स्वतःची हमी, तिला कोणी अडत नाही. अडतं ते पुढच्या शब्दापाशी. सक्षम जामीनदार म्हणजे कोण? ज्याच्या नावावर काहीतरी आहे तो. कोर्टाच्या खिडकीवर मागतात सातबारा, आठ-अ, घरपट्टीची पावती, आधार, रेशनकार्ड, कुठे तहसीलचा ऐपतीचा दाखला, नोकरदार असेल तर पगारपत्रक.

आता आमच्याकडचे सातबारे बघा. तीन भावांचं सामाईक खातं, त्यामुळे एकट्याच्या नावावर किती ते सांगता येत नाही. इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा पीककर्जाचा बोजा. दुष्काळात कर्ज थकलं तर बोजा तसाच राहतो. बाप वारून दहा वर्षं झाली तरी फेरफार झालेला नसतो. गायरान कसणाऱ्यांच्या बाबतीत तर दोन पिढ्या त्या जमिनीत घाम गेला, पण कागदावर जमीन सरकारची. आणि भूमिहीन माणूस तर यादीतच नाही. त्याचे सोयरेही भूमिहीनच असणार, मग तो सातबारावाला आणणार कुठून? गावच्या पाटलाच्या दारात जावं लागतं. भांडण त्याच्याशीच झालेलं असलं तर संपलंच.

कोर्टाच्या आसपास पैसे घेऊन जामीन राहणारे लोक फिरत असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या नादी लागू नका. जामीनदाराला प्रतिज्ञापत्रात सांगावं लागतं की आणखी किती जणांना तो जामीन आहे. कागद खोटा निघाला तर आरोपी पुन्हा आत आणि वर नवा गुन्हा.

एका जिल्ह्यातल्या कारागृहात मला एक गवंडीकाम करणारा माणूस भेटला. पंधरा हजारांचा जामीन मंजूर होता. पहिल्या जामीनदाराचा सातबारा बोजामुळे परत आला. दुसरा तारखेला यायचा तो आलाच नाही, त्याच्या बायकोने "दुसऱ्याच्या लफड्यात पडू नका" म्हणून अडवलं. तिसरा मिळाला तेव्हा त्याचा पडताळणी अहवाल यायला वेळ लागला. हे होईपर्यंत गुन्ह्याला एरवी जेवढी शिक्षा लागली असती तिचा बराच भाग त्याने काढून टाकला होता. मला म्हणाला, "काका, भिंत बांधायचं काम माझंच. पण ही भिंत लई उंच हाय." तो कारागृहाच्या भिंतीबद्दल बोलतोय असं मला आधी वाटलं. तो सातबाऱ्याबद्दल बोलत होता.

परजिल्ह्यातला जामीनदार चालत नाही असं सांगतात. खरं का?

चालतो. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण गेलं होतं. मध्य प्रदेशातल्या खालच्या न्यायाधीशांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते दोन्ही चूक ठरवलं : गरिबाला न झेपणारी रक्कम मागणंही आणि जिल्ह्याबाहेरचा म्हणून नाकारणंही. त्याला आता पंचेचाळीस वर्षं उलटून गेली. तरी खिडकीवर "इथलाच आणा" हे वाक्य मी अजून ऐकतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या सूचना छापून खिशात ठेवण्यासारख्या आहेत. जामिनाच्या हुकमाची प्रत कारागृह अधीक्षकांमार्फत बंद्याला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळाली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीन भरता आला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. आणि स्थानिक जामीनदाराचा हट्ट हे सुटका लांबण्याचं एक कारण आहे, म्हणून तशी अट घालू नये, असंही त्यात सुचवलेलं आहे. वकिलाला सांगा : अट शिथिल करण्याचा अर्ज द्या, किंवा जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरू देण्याचा. बोलीभाषेत "कॅश बेल".

गुन्हा जामीनपात्र असेल तर काम आणखी सोपं. अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर तो माणूस निर्धन आहे असं कायदाच धरून चालतो आणि नुसत्या जातमुचलक्यावर सोडायला सांगतो. तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) ४७८ व्या कलमात आहे. वापरली गेलेली मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली.

गरीब कैद्यांसाठी केंद्राची काही योजना आहे म्हणे?

आहे, २०२३ पासून. २०२३ च्या मूळ सूचनांत जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी अडकलेल्या कच्च्या कैद्यासाठी ४०,००० रुपयांपर्यंत, आणि शिक्षा भोगून झाली पण दंड भरता येत नाही म्हणून आत राहिलेल्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. निर्णय जिल्हास्तरावरची समिती घेते. अमली पदार्थ, यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार अशा कायद्यांखालच्या आरोपींना ती लागू नाही.

माझं मत विचाराल तर योजना चांगली, पण दुखणं एका ठिकाणी आणि लेप दुसऱ्या ठिकाणी अशी गत होते. कोर्ट मागतं जामीनदार, योजना देते पैसे. म्हणून आधी कोर्टाकडून रोख जामिनाची परवानगी घ्यायची आणि मग योजनेचा अर्ज पुढे सरकवायचा. हा क्रम चुकला की कागद दोन कार्यालयांच्या मधे लोंबकळतो.

चार्जशीट वेळेत आली नाही तर सोडावंच लागतं का?

गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पण तो मागावा लागतो. एकसष्टाव्या दिवशी सकाळी अर्ज दिला तर तुमचा. दुपारपर्यंत वाट पाहिली आणि तेवढ्यात पोलिसांनी चार्जशीट दाखल केली तर गेला. म्हणून रिमांडची पहिली तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहा आणि तिथून दिवस मोजा. आणि एक विसरू नका, हा जामीन मिळाला तरी जामीनदार लागतोच.

अर्धी शिक्षा आतच काढली तर काय?

जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९ वं कलम यासाठीच आहे. त्या गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्च्या कैद्याने आत काढला तर त्याला जामिनावर सोडायचं. पूर्वी कधीच दोषी न ठरलेला असेल तर एक तृतीयांश काळ पुरे. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं आहेत, म्हणजे पहिल्यांदाच सापडलेल्याला एक वर्ष. घरात घुसून केलेल्या चोरीला सात, म्हणजे दोन वर्षं चार महिने. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा गुन्ह्यांना हे लागू नाही. जुन्या प्रकरणांनाही ही सवलत द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. आणि अर्ज करायची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे, घरच्यांवर नाही.

यात एक फट आहे. एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर हे कलम कामी येत नाही. ज्या वस्तीवर परिसरातल्या प्रत्येक चोरीनंतर पोलिसांची गाडी येते, तिथल्या पोरांवर एकच खटला कधी नसतोच.

आमचे लोक ऊसतोडीला जातात. त्याचा कारागृहाशी काय संबंध?

बीड, धाराशिव, परभणी, जालन्याच्या लोकांनाच हा संबंध कळतो. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात त्या कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात, आणि परततात उन्हाळ्यात. जामिनावर सुटलेला माणूस मुकादमाची उचल घेऊन फडात गेला की गावच्या कोर्टाची डिसेंबरची तारीख चुकते. फेब्रुवारीचीही चुकते. मग अजामीनपात्र वॉरंट निघतं, लोकांच्या भाषेत एनबीडब्ल्यू, आणि गुढीपाडव्याला गावात आलेला माणूस थेट आत. पूर्वीचा जामीनदार बिथरलेला, कारण त्यालाही नोटीस गेलेली असते. नवा उभा राहत नाही.

उलटही होतं. माणूस आत आणि सगळं घर फडात. सहा महिने मुलाकात नाही, कागद आणायला कोणी नाही. दिवाळी ते गुढीपाडवा या काळात "घरचं कोणी आलं नाही" असं सांगणारे मला जास्त भेटतात. उपाय फार मोठा नाही. फडात जाण्याआधी वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज द्या, कारखान्याचा आणि टोळीचा पत्ता द्या, शक्य असेल तिथे व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने, हजर राहण्याची परवानगी मागा. कोर्टांनीही हंगाम बघून तारखा लावल्या तर कित्येक वॉरंटं निघणारच नाहीत. ही सुधारणा करायला एक रुपया लागत नाही.

आत नेमके काय हाल असतात?

गर्दी. बाकी सगळं तिच्यातून निघतं. पन्नास जणांच्या बराकीत शंभर झोपले की कुशीवर झोपावं लागतं, संडासाला रांग लागते, एकाची खरूज आठवड्यात सगळ्यांची होते. टीबीचा खोकणारा रोगी वेगळा ठेवायला जागा लागते, तीच नसते. मराठवाड्यात यात उन्हाळ्याची भर. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मुलखात बंदिस्त माणसांच्या पाण्याचा हिशेब कारागृह बांधण्याआधी व्हायला हवा. घरच्या माणसाला टँकरमागे पळता तरी येतं, बराकीतल्याला नाही.

दवाखान्यात न्यायचं तर पोलीस बंदोबस्त लागतो, त्याला कैदी पार्टी म्हणतात. "पार्टी मिळाली नाही" हे वाक्य आत रोज ऐकू येतं. पार्टी नाही म्हणून सिव्हिलला तपासणी नाही, पार्टी नाही म्हणून कोर्टात हजेरी नाही. हल्ली हजेरी व्हीसीवर होते. वेळ वाचतो हे खरं. पण पडद्यावर एक मिनिट दिसलेल्या पोराला आपल्या वकिलाच्या कानात काही सांगता येत नाही, आणि त्या वकिलाचा चेहराही त्याने पाहिलेला नसतो.

मनाच्या आजारांबद्दल काय लिहू? आत "डोकं फिरलंय" हेच निदान असतं. मानसिक आरोग्य सेवेचा २०१७ चा कायदा बंद्यांनाही लागू आहे, एवढं माहीत असू द्या आणि लेखी मागणी करा.

आत पैसे लागतात का? किती पाठवायचे?

जेवण, पांघरूण, औषध सरकारचं. साबण, तेल, बिस्किटं वगैरे कँटीनमधून घेता येतं, त्यासाठी खात्यावर मनीऑर्डर किंवा कारागृह सांगेल त्या मार्गाने पैसे भरायचे. कमाल मर्यादा फाटकावर लिहिलेली असते. "आत त्रास होऊ नये म्हणून" कोणी बाहेर पैसे मागितले तर देऊ नका. अभ्यागत मंडळाच्या (कारागृहाची पाहणी करणाऱ्या मंडळाच्या) किंवा न्यायाधीशांच्या भेटीत ती तक्रार करता येते, विधी सेवा प्राधिकरणाकडेही.

मुलाकातीला काय न्यायचं?

आधार कार्ड, आणि तुमचं नाव बंद्याने दिलेल्या यादीत असायला हवं. ई-मुलाकातीची सोयही आहे, मोबाईलवरून नोंदणी करायची. गावातल्या महा-ई-सेवा केंद्रातलं एखादं पोरगं करून देतं. लांबच्या गावांसाठी ही सोय सोन्यासारखी आहे, फक्त रेंज पाहिजे.

बायकांची आणि त्यांच्या लेकरांची सोय काय?

सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल सविस्तर सांगितलं : मूल हे कैदी नाही, त्याला वेगळा आहार, पाळणाघर, शिक्षण हवं, आणि आत जन्मलं तर जन्मदाखल्यावर जन्मस्थान म्हणून कारागृह लिहू नये.

जिल्हा कारागृहातला महिला विभाग म्हणजे बहुधा एक-दोन खोल्या आणि एक छोटं अंगण. पुरुषांना ग्रंथालय, काम, मैदान थोडंफार मिळतं. बायका थोड्या म्हणून त्यांच्यासाठी वेगळं काही होत नाही. आणखी एक जे आकड्यांत येत नाही : पुरुष आत गेला तर बायको फाटकाबाहेर उभी असते. बाई आत गेली तर फाटकाबाहेर बहुतेक वेळा तिची आई असते, नाहीतर कोणीच नसतं. तिचा जामीनदार व्हायला सासरचे तयार नसतात आणि माहेरच्या सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं.

आत जात बघितली जाते का?

बघू नये असा स्पष्ट निकाल आहे. सुकन्या शांता या पत्रकाराच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जातीवरून कामं वाटणारे कारागृह नियम घटनाबाह्य ठरवले आणि नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढायला सांगितला. झाडू-संडास एका जातीकडे आणि स्वयंपाक दुसऱ्या जातीकडे, असं काही राज्यांच्या नियमावलीत चक्क लिहिलेलं होतं.

भटक्या-विमुक्तांना सराईत गुन्हेगार समजण्याच्या रीतीवरही त्या निकालात बोट ठेवलंय. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला. ३१ ऑगस्टला विमुक्त दिन साजराही होतो. पण पारधी पोराचं आडनाव ऐकून जामीनदाराचे पाय मागे येतात, तेव्हा तो कायदा गेला यावर विश्वास बसत नाही.

कोठडीत मृत्यू झाला तर?

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवावं लागतं आणि दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी होते. शवविच्छेदनाचं चित्रीकरण मागा, अहवालाची प्रत मागा, तुमचा जबाब लेखी द्या.

परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्याच्या आईने दाद मागितली तेव्हा दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनंतर पुढे काय, हाच प्रश्न उभा राहिला. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. त्या आईला खंडपीठापर्यंत नेणारे लोक मिळाले. प्रत्येक आईला मिळत नाहीत.

नवी कारागृहं बांधली की गर्दी कमी होईल ना?

थोडे दिवस. ज्या धरणाची आवक वाढतेय आणि दरवाजे गंजलेत, त्याची उंची किती वाढवणार? आवक कमी करायचे रस्ते कायद्यात आहेत. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक नको, आधी नोटीस द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच अर्नेश कुमार प्रकरणात सांगितलं. १९५८ च्या परिविक्षा कायद्याखाली पहिल्या, लहान गुन्ह्याला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडता येतं. जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या नव्या न्यायसंहितेत समाजसेवेची शिक्षाही आली आहे, पण ती मोजक्याच गुन्ह्यांना, उदाहरणार्थ पाच हजारांखालच्या पहिल्या चोरीत माल परत केला तर. आणि प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समिती आहे. "माझं नाव आढाव्यात घ्या" असा साधा अर्ज बंदी अधीक्षकांमार्फत देऊ शकतो. बहुतेकांना अशी समिती आहे हेच माहीत नसतं.

कारागृहांचा कायदा बदलला का?

कारागृह हा राज्याचा विषय. मूळ कायदा १८९४ चा. तो झाला तेव्हा मराठवाड्यावर निजामाचं राज्य होतं, यावरून त्याचं वय समजावं. १९८० ते ८३ या काळात न्यायमूर्ती मुल्ला समितीने तपशीलवार शिफारशी केल्या, त्या बराच काळ कपाटात राहिल्या. २०२३ मध्ये केंद्राने राज्यांसाठी आदर्श कायदा तयार केला, त्यात कोंडून ठेवण्याबरोबर सुधारणेची भाषा आली. भाषा येणं ही सुरुवात धरू.

खुलं कारागृह म्हणजे काय? पैठणचं काय वेगळं?

चांगली वर्तणूक असलेल्या पक्क्या कैद्यांना तिथे ठेवतात. ते शेती करतात, मजुरी मिळते, शिक्षेतून माफीचे दिवसही बंद कारागृहापेक्षा जास्त मिळतात. उंच भिंतीवर आणि बंदूकधारी पहाऱ्यावर भर नसतो. कल्पना नवी नाही. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसाहत उभी केली, तिथे खुनाची शिक्षा झालेले लोक कुटुंबासह राहून शेती करत. माणूस पळत का नाही? कारण ज्यांच्याकडे पळून जायचं, ते सगळे जवळच असतात. मला विचाराल तर मराठवाड्यात आणखी दोन पैठण हवीत.

पक्क्या कैद्याला घरी येता येतं का?

येतं. संचित रजा म्हणजे फर्लो, ठराविक शिक्षा भोगल्यावर मिळते. अभिवचन रजा म्हणजे पॅरोल, आजारपण, लग्न, घर पडणं अशा कारणासाठी. जवळचं माणूस वारलं तर तातडीची रजा अधीक्षक देऊ शकतात. पोलिसांचा अहवाल गावातून मागवला जातो आणि "गावात तणाव होईल" या एका वाक्यावर अर्ज पडतो. शेजारच्या चार लोकांचं, सरपंचाचं लेखी म्हणणं सोबत जोडा. आणि हो, इथेही जामीनदार लागतोच.

मतदान करता येतं का?

नाही. कच्च्या कैद्यालाही नाही. जामिनावर बाहेर असलेला मात्र करू शकतो. म्हणजे दोघांवर आरोप तोच, एकाला जामीनदार मिळाला म्हणून मतही मिळालं.

गुन्हेगारांसाठी एवढं कशाला? ज्याचं नुकसान झालं त्याचं काय?

रागाने विचारलेला असला तरी प्रश्न बरोबर आहे. माझ्याच घरी चोरी झाली होती, तेव्हा मीही असंच बोललो होतो. पण खटला लांबला की फिर्यादीही तारखेच्या फेऱ्या मारून थकतो, साक्षीदार फुटतात, ऊसतोडीला जातात, मरतात. कच्चा कैदी पाच वर्षं आत राहिला आणि मग पुराव्याअभावी सुटला, तर नुकसान झालेल्याला काय मिळालं? आमच्या आजोबांच्या पिढीतले कितीतरी लोक निजामाच्या तुरुंगात जाऊन आले आणि त्याचा मान मिरवला. तुरुंगात असलेला प्रत्येक माणूस दोषीच असतो असं आमच्या घरात निदान त्या पिढीला तरी कधी वाटलं नाही.

कर्मचाऱ्यांचं काय? तेच त्रास देतात ना?

देणारेही आहेत. पण बारा-बारा तास उभा राहिलेला, शंभर माणसांच्या बराकीला एकटा, पडक्या क्वार्टरमध्ये राहणारा शिपाईही मी पाहिलाय. एकजण हसत म्हणाला होता, "गुरुजी, ते तरी जामिनावर सुटतात." भरती आणि प्रशिक्षण झाल्याशिवाय बाकी सुधारणा कागदावरच राहतील.

मला कोणाचा तरी जामीनदार व्हायचंय. भीती वाटते. काय लागतं?

आधी माणसाला ओळखा. निदान घरच्यांना भेटा, तारखा कोण सांभाळणार ते विचारा. तो तारखेला आला नाही तर जामिनाच्या रकमेपर्यंत तुमच्यावर येऊ शकतं, त्याहून जास्त नाही आणि त्याच्या गुन्ह्यासाठी तुम्हाला शिक्षा होत नाही. पुढे नको वाटलं तर अर्ज करून जामिनातून मोकळंही होता येतं.

न्यायचं ते असं : ताजा सातबारा आणि आठ-अ, नाहीतर घरपट्टीची पावती. आधार, रेशनकार्ड, दोन फोटो, प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. बोजा असलेला उतारा असेल तर सोबत बँकेकडून किती बाकी आहे त्याचं पत्र आणा, जमिनीची किंमत बाकीपेक्षा जास्त आहे हे वकिलाला दाखवता येतं. साडेदहाच्या आत पोहोचा. तपासणी, सही, साहेबांसमोर उभं राहणं यात दुपार जाते. सुटकेचा आदेश कारागृहाची संध्याकाळची वेळ टळायच्या आत पोहोचला नाही तर माणूस आणखी एक रात्र आत राहतो. म्हणून शुक्रवारी जाणार असाल तर डबा घेऊनच या आणि आदेश गेल्याची खात्री झाल्याशिवाय आवारातून हलू नका.